लॅपटॉप दुरुस्तीतील हट्टी स्क्रू : कारणमीमांसा आणि उपाययोजनेचा क्रम

सारांश

लॅपटॉपची स्वच्छता करणे, बॅटरी किंवा हार्ड डिस्क बदलणे, रॅम वाढवणे ही कामे तांत्रिकदृष्ट्या फार अवघड नाहीत. मात्र ती अनेकदा एका न निघणाऱ्या लहान स्क्रूपाशी अडतात आणि अधीरतेने लावलेल्या जोरामुळे त्या स्क्रूची खाच कायमची निकामी होते. प्रस्तुत लेखात लहान स्क्रूची रचना, खाच व पेचकस यांचे परस्परसंबंध, स्क्रू अडकण्याची कारणे आणि ती ओळखण्याच्या खुणा यांचे विवेचन केले आहे. त्यानंतर कमी हानिकारक उपायाकडून अधिक हानिकारक उपायाकडे जाणारा क्रम मांडला आहे. आधी निदान, मग उपाय आणि योग्य वेळी थांबण्याची तयारी, हे या विवेचनाचे सूत्र आहे.

बीजसंज्ञा : लॅपटॉप दुरुस्ती, स्क्रू, पेचकस, आटे, खाच, लिथियम-आयन बॅटरी, दुरुस्तीचा हक्क.

प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापकाच्या दैनंदिन कामकाजात लॅपटॉपचे स्थान आज वहीइतकेच निकटचे झाले आहे. अध्यापनाची टिपणे, प्रश्नपत्रिकांचे मसुदे, मूल्यांकनाचे तक्ते, संशोधनासाठी गोळा केलेली सामग्री आणि प्रबंधाची प्रकरणे या एकाच यंत्रात साठवलेली असतात. असे यंत्र चार-पाच वर्षांनी मंदावते, तापू लागते किंवा त्याची बॅटरी टिकेनाशी होते. अशा वेळी पंख्यातील धूळ काढणे, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी सॉलिड स्टेट ड्राइव्ह बसवणे किंवा बॅटरी बदलणे एवढ्या उपायांनी ते पुष्कळदा आणखी काही वर्षे चालू शकते.

या प्रत्येक कामाची पहिली पायरी म्हणजे खालचे झाकण उघडणे. समजा, झाकणाला दहा स्क्रू आहेत. त्यांपैकी नऊ सहज निघाले आणि दहावा जागचा हलला नाही, तर निघालेल्या नऊ स्क्रूंचा काहीही उपयोग होत नाही. पाच-सहा मिलिमीटर लांबीच्या त्या तुकड्यासाठी कोणी झाकण ओढून तोडतो, कोणी पेचकस फिरवत राहून खाच गुळगुळीत करतो, तर कोणी यंत्र तसेच कपाटात ठेवून देतो. पुढे डेडस्टॉक रजिस्टरमध्ये ‘नादुरुस्त’ असा शेरा पडतो आणि यथावकाश त्या यंत्राचे निर्लेखन होते. ज्या यंत्राचा एकही मुख्य भाग बिघडलेला नाही, ते केवळ उघडता आले नाही म्हणून मोडीत निघावे ही खेदाची बाब आहे. अशा यंत्राबरोबर त्यातील सामग्रीही दुरावण्याचा धोका असतो. म्हणूनच हा विषय दिसतो तितका क्षुल्लक नाही.

लहान स्क्रूची रचना

लॅपटॉपमध्ये प्रामुख्याने एम २, एम २.५ आणि एम ३ या मापांचे स्क्रू वापरले जातात. ‘एम’ या अक्षरापुढील आकडा हा आट्यांसह मोजलेल्या दांड्याचा व्यास मिलिमीटरमध्ये दर्शवतो. एम २ स्क्रूच्या दोन आट्यांमधील अंतर सामान्यतः ०.४ मिलिमीटर, एम २.५ चे ०.४५ मिलिमीटर आणि एम ३ चे ०.५ मिलिमीटर असते. म्हणजे एम २.५ मापाचा स्क्रू एका पूर्ण फेऱ्यात अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी वर येतो. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत स्क्रू ‘निघत नाही’ असे वाटण्याचे एक कारण हेच आहे.

हा स्क्रू ज्यात बसतो ती जागाही सर्वत्र सारखी नसते. काही लॅपटॉपमध्ये तो ॲल्युमिनिअम किंवा मॅग्नेशिअमच्या मिश्रधातूच्या चौकटीत कापलेल्या आट्यांत बसतो. प्लॅस्टिकच्या सांगाड्यात मात्र लहान पितळी नट उष्णतेने रुतवलेले असतात आणि स्क्रू त्या नटात फिरतो. हा फरक पुढे निर्णायक ठरतो, कारण धातूच्या चौकटीला चालणारा उपाय प्लॅस्टिकच्या सांगाड्याला घातक ठरू शकतो.

यंत्र पातळ करण्याच्या ओघात स्क्रूची डोकीही पातळ झाली आहेत. डोके पातळ असले की त्यातील खाच उथळ राहते आणि पेचकसाला धरण्यासाठी जागा कमी मिळते. एका साध्या गणिताने हे स्पष्ट होईल. समजा, घट्ट बसलेला एम २.५ स्क्रू सैल करण्यास ०.३ न्यूटन-मीटर इतके बल-आघूर्ण लागते. खाचेच्या कडा मध्यापासून सरासरी १ मिलिमीटर अंतरावर आहेत असे मानल्यास त्या कडांवर एकूण ३०० न्यूटन, म्हणजे सुमारे ३० किलोग्रॅम वजनाइतके बल पडते. हे बल चार कडांत विभागले तर प्रत्येक कडेच्या वाट्याला ७५ न्यूटन येतात. कडेचे संपर्कक्षेत्र ०.४ चौरस मिलिमीटर धरले तर दर चौरस मिलिमीटरवर सुमारे १९० न्यूटन इतका ताण निर्माण होतो. साधे मृदू पोलाद सुमारे २५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताणास कायमचे वाकू लागते. याचाच अर्थ असा, की नेमके माप असलेला पेचकस पूर्ण खोलीपर्यंत बसला असेल तर खाच हा ताण सोसते. पेचकस अर्ध्याच खोलीपर्यंत बसला असेल तर ताण दुप्पट होऊन ३७५ पर्यंत जातो आणि कड दबते. अर्थात येथील आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. स्क्रूचे पोलाद याहून कठीणही असू शकते. तरीही स्क्रूची खाच का ‘मरते’, याचे कारण यातून समजू शकते.

खाच आणि पेचकस यांचे नाते

आपल्याकडे ‘स्टार’ या नावाने ओळखली जाणारी अधिक चिन्हाच्या आकाराची खाच म्हणजे फिलिप्स खाच होय. अमेरिकेतील ओरेगन राज्याच्या पोर्टलंड शहरातील हेन्री फिलिप्स यांनी जॉन थॉम्पसन यांच्या मूळ कल्पनेचे हक्क घेऊन तिचा विकास केला आणि १९३० च्या दशकात मोटार उद्योगाने ती स्वीकारली. पेचकस खाचेत आपोआप मध्यावर बसतो, ही या रचनेची मोठी सोय होती आणि यंत्रांच्या साहाय्याने होणाऱ्या जलद जुळणीला ती अनुकूल ठरली.

या सोयीतच तिचा दोषही दडलेला आहे. फिलिप्स खाचेच्या भिंती आत निमुळत्या होत जातात. त्यामुळे पेचकस फिरवताना लावलेल्या बलाचा काही अंश पेचकसाला वर ढकलण्यात खर्ची पडतो. वरून दाब कमी पडला की पेचकस उसळून बाहेर येतो आणि येताना खाचेच्या कडा खरवडतो. ही उसळी मूळ आराखड्यात हेतुपुरस्सर योजलेली होती की नाही याबद्दल मतभेद आहेत. परिणाम मात्र निर्विवाद आहे. फिलिप्स स्क्रू काढताना फिरवण्यापेक्षा दाबण्याला अधिक महत्त्व आहे. ‘सत्तर टक्के दाब, तीस टक्के फिरकी’ हा कार्यशाळेतील ढोबळ नियम याच अनुभवातून आलेला आहे.

फिलिप्स पेचकसांची लहान मापे पीएच ०००, पीएच ००, पीएच ० आणि पीएच १ अशी असतात. लॅपटॉपच्या झाकणाच्या स्क्रूंना बहुधा पीएच ० किंवा पीएच १ लागतो, तर सॉलिड स्टेट ड्राइव्हच्या एम २ स्क्रूला पीएच ० किंवा पीएच ०० लागतो. घरातील संचातला ‘सर्वांत लहान’ पेचकस उचलणे ही येथील नित्याची चूक आहे. लहान टोक खाचेत शिरते, फिरतेही, पण ते कडांना न धरता केवळ मध्यभागी फिरते. त्यामुळे खाचेत पूर्ण बसणारे सर्वांत मोठे माप निवडावे. पेचकस खाचेत उभा ठेवून किंचित हलवून पाहावा; तो लटपटला तर माप चुकले आहे असे समजावे.

दिसायला फिलिप्ससारख्याच, पण वेगळ्या असलेल्या आणखी दोन खाचा लक्षात ठेवणे आवश्यक आहे. जपानी औद्योगिक मानकानुसार बनवलेल्या खाचेचे कोन किंचित निराळे असतात. अशा स्क्रूच्या डोक्यावर कधीकधी एक बारीक ठिपका आढळतो. पोझिड्राइव्ह खाचेत मुख्य चार रेषांच्या मधोमध आणखी चार बारीक रेषा असतात. फर्निचरच्या कामासाठी मिळणाऱ्या संचांत ‘पीझेड’ असा शिक्का असलेली टोके असतात, ती याच प्रकारची. ती फिलिप्स खाचेत वापरू नयेत.

सहा पाकळ्यांची टॉर्क्स खाच १९६७ साली कॅमकार टेक्स्ट्रॉन या अमेरिकी कंपनीने विकसित केली. तिच्या भिंती जवळजवळ उभ्या असल्यामुळे पेचकस उसळण्याची प्रवृत्ती अत्यल्प असते. टी ५, टी ६, टी ८ ही तिची मापे लॅपटॉपमध्ये आढळतात. २००९ साली ॲपल कंपनीने मॅकबुक प्रोच्या काही नमुन्यांत बॅटरीसाठी पाच पाकळ्यांची पेंटालोब खाच आणली. तिला टॉर्क्सचा पेचकस लागत नाही. अशा खाचेत ‘जवळपास बसणारे’ हत्यार घालणे म्हणजे हट्टी नसलेल्या स्क्रूला हट्टी बनवणेच होय.

हट्टीपणाचे निदान

न निघणारे सर्व स्क्रू एकाच कारणाने अडकलेले नसतात. कारण न ओळखता लावलेला जोर बहुतेक वेळा वाया जातो. स्थूलमानाने पुढील सहा प्रकार संभवतात.

पहिला प्रकार मुळात हट्टी नसलेल्या स्क्रूचा. काही लॅपटॉपमध्ये झाकणाचे स्क्रू सैल झाल्यावरही झाकणातच अडकून राहावेत अशी मुद्दाम योजना केलेली असते. तसेच उष्णतावाहक पट्टीचे काही स्क्रू स्प्रिंगसह पट्टीलाच जोडलेले असतात. स्क्रू फिरतो, थोडा वर येतो, पण बाहेर पडत नाही, ही त्याची खूण होय. सर्व स्क्रू काढूनही झाकण निघत नसेल तर रबरी पायांखाली किंवा चिकटपट्टीखाली एखादा स्क्रू लपलेला नाही ना, हेही पाहावे.

दुसरा प्रकार आट्यांवरील लेपाचा. यंत्राच्या कंपनाने स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून त्यांच्या आट्यांवर बहुधा निळ्या रंगाचा नायलॉनचा पट्टा दिलेला असतो. काही ठिकाणी आटे धरून ठेवणारा द्रवरूप गोंद वापरतात. हा गोंद हवेच्या अभावी आणि धातूच्या सान्निध्यात घट्ट होतो. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील ट्रिनिटी कॉलेजचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ साली तो विकसित केला आणि पुढे तो लॉकटाइट या नावाने जगभर पोहोचला. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतून निघालेले हे संशोधन आज सर्वत्र वापरले जाते. अशा लेपाचा स्क्रू सुरुवातीला कडक लागतो. नायलॉनचा असेल तर तो शेवटपर्यंत सारख्याच प्रतिकाराने फिरत राहतो.

तिसरा प्रकार गंजाचा. पोलादी स्क्रू आणि मॅग्नेशिअम किंवा ॲल्युमिनिअमची चौकट यांच्यामध्ये ओलावा शिरला की दोन भिन्न धातूंमधील विद्युत-रासायनिक क्रियेमुळे चौकटीचा धातू झिजतो आणि त्यातून तयार होणारी पूड आट्यांत दाटून बसते. कोकण आणि गोव्याच्या खारट, दमट हवेत तसेच यंत्रावर चहा किंवा पाणी सांडले असल्यास ही शक्यता आधी विचारात घ्यावी. डोक्याभोवती पांढरी किंवा तांबूस पूड दिसणे ही त्याची खूण आहे.

चौथा प्रकार तिरक्या आट्यांचा. पूर्वीच्या दुरुस्तीत स्क्रू तिरका बसवून जोराने आवळला असेल तर आटे एकमेकांत रुततात. स्क्रूचे डोके एका बाजूला कललेले दिसते.

पाचवा प्रकार फिरणाऱ्या नटाचा. स्क्रू कितीही फेरे फिरतो, परंतु वर येत नाही. अशा वेळी बहुधा प्लॅस्टिकमध्ये रुतवलेला पितळी नटच स्क्रूबरोबर फिरत असतो. येथे खाच शाबूत असते, त्यामुळे पकड वाढवण्याचे सर्व उपाय निरुपयोगी ठरतात.

सहावा प्रकार निकामी खाचेचा. हा मूळ आजार नव्हे; वरीलपैकी एखाद्या कारणावर चुकीचा उपाय केल्याचा तो परिणाम असतो. म्हणून खाच निकामी झालेली दिसली तरी त्यामागचे मूळ कारण शोधावे, अन्यथा नवी पकड मिळूनही स्क्रू निघणार नाही.

पूर्वतयारी

हत्यार हाती घेण्यापूर्वी यंत्रातील सामग्रीची प्रत अन्यत्र ठेवणे हे पहिले कर्तव्य होय. यंत्र सुरू होत असेल तर झाकण उघडण्याआधीच हे काम करावे. विंडोज प्रणालीतील डिस्क बिटलॉकरने कूटबद्ध केलेली असल्यास तिची ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली लिहून ठेवावी. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडण्याची वेळ आली तर या किल्लीवाचून तीतील काहीही वाचता येत नाही. यंत्र हमीच्या कालावधीत असेल तर ते स्वतः उघडू नये.

दुसरी काळजी बॅटरीची. लिथियम-आयन बॅटरीला टोचले, चेपले किंवा तिची टोके जोडली गेली तर ती पेट घेऊ शकते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी चार्जर काढावा, बॅटरी साधारण पाव भागापर्यंत उतरू द्यावी आणि यंत्र पूर्णपणे बंद करावे. झाकण निघताच सर्वप्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी. बॅटरी फुगलेली आढळल्यास काम तेथेच थांबवावे. हट्टी स्क्रूच्या नेमक्या खाली बॅटरी आहे किंवा कसे, हे त्या नमुन्याच्या दुरुस्ती पुस्तिकेतून आधीच पाहून घ्यावे. पुढील उपायांची निवड त्यावर अवलंबून असते.

टेबलावर पांढरे कापड अंथरावे, प्रकाश भरपूर असावा आणि भिंग जवळ ठेवावे. एका कागदावर यंत्राच्या तळाची आकृती काढून प्रत्येक स्क्रू निघेल तसा त्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवावा. हा साधा कागद जोडणीच्या वेळी अमूल्य ठरतो.

उपाययोजनेचा क्रम

पुढील उपाय अशा क्रमाने दिले आहेत की आधीचा उपाय फसला तरी नंतरचा करण्याची वाट खुली राहते. क्रम उलटा केल्यास ही वाट बंद होते.

१. खाच साफ करणे : खाचेत साचलेली धूळ, रंग किंवा गोंद सुईने कोरून काढावा. पेचकस पूर्ण खोलीपर्यंत न बसण्याचे कारण अनेकदा एवढेच असते.

२. योग्य माप आणि दाब : यंत्र टेबलावर सपाट ठेवावे. झिजलेले टोक वापरू नये. पेचकस अगदी उभा धरून तळहाताने वरून दाबावे आणि मग सावकाश फिरवावे. पडद्याच्या बाजूने यंत्राला आधार असेल तर दाबामुळे पडदा तडकू नये म्हणून खाली मऊ कापडाची घडी ठेवावी. जाड मुठीचा पेचकस घेतल्यास कमी श्रमात जास्त आघूर्ण मिळते.

३. आधी किंचित आवळणे : स्क्रू सैल करण्यापूर्वी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने अगदी थोडा आवळून पाहावा. त्यामुळे लेपाची किंवा गंजाची पकड सुटते. आवळणे आणि सोडवणे असे दोन-तीनदा केल्याने पुष्कळ स्क्रू हलतात.

४. पकड वाढवणे : खाच थोडीच झिजली असेल तर रबरी हातमोज्याचा पातळ तुकडा खाचेवर ठेवून त्यातून पेचकस दाबावा. जाड रबरबँड लहान खाचेत जागा अडवतो, म्हणून तो टाळावा. मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारी व्हॉल्व्ह घासण्याची पेस्ट टोकाला कणभर लावल्यास घर्षण वाढते. तिच्यातील कण कठीण असतात. म्हणून काम झाल्यावर ती पूर्ण पुसून घ्यावी.

५. उष्णता : लेप नायलॉनचा किंवा गोंदाचा असेल तर सोल्डरिंग आयर्नचे टोक डोक्यावर पाच ते दहा सेकंद टेकवावे आणि स्क्रू गरम असतानाच फिरवावा. हा उपाय धातूच्या चौकटीपुरताच मर्यादित ठेवावा. प्लॅस्टिकच्या सांगाड्यात उष्णतेने पितळी नटच सैल होतो आणि दुसऱ्या प्रकारचा स्क्रू पाचव्या प्रकारात जातो. खाली बॅटरी असल्यास उष्णतेचा विचारही करू नये.

६. गंजावरील तेल : गंज असेल तर गंज सोडवणारे तेल सुईच्या टोकाने थेंबभर लावून काही तास थांबावे. डब्यातून फवारणी करू नये. ही तेले आणि आट्यांचे गोंद काही प्लॅस्टिकना, विशेषतः पॉलिकार्बोनेटला, सूक्ष्म तडे पाडू शकतात.

७. खाचेला नवा आकार देणे : फिलिप्स खाच पूर्ण गोल झाली असेल तर तीत घट्ट बसेल असे टॉर्क्सचे टोक हलक्या हाताने ठोकून बसवावे. त्याच्या सहा कडा नवी पकड निर्माण करतात. यंत्रात फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल तर ती काढल्याशिवाय ठोकाठोक करू नये. डोके पृष्ठभागाच्या वर असेल तर ते टोकदार पकडीने बाहेरून धरून फिरवता येते. लॅपटॉपमधील बहुतेक डोकी खोलगट जागेत असल्यामुळे ही संधी क्वचितच मिळते.

८. गोंदाने जोडणे : दोन नळ्यांत मिळणारा इपॉक्सी गोंद खाचेत भरून जुने टोक त्यात उभे करावे आणि पूर्ण वाळण्यास चोवीस तास द्यावेत. गोंद डोक्याच्या कडेवरून खाली उतरला तर स्क्रू झाकणालाच चिकटतो, याचे भान ठेवावे. झटपट चिकटणारा गोंद फिरकीचा ताण फारसा सोसत नाही.

९. डोके कापणे : अन्य सर्व उपाय थकल्यावरच हा मार्ग घ्यावा. दांड्याच्या जाडीइतका किंवा किंचित मोठा ड्रिल बिट, म्हणजे एम २.५ साठी २.५ मिलिमीटरचा, मंद गतीने चालवल्यास डोके दांड्यापासून सुटते. झाकण मोकळे होते आणि उरलेला दांडा पकडीने धरून काढता येतो. दांड्यावरील ताण नाहीसा झाल्यामुळे तो अनेकदा बोटांनीही निघतो. या कामात उडणारा धातूचा कीस विद्युतवाहक असतो. त्याचा एक कण मदरबोर्डावर पडला तरी मंडल जोडले जाऊन यंत्र निकामी होऊ शकते. म्हणून स्क्रूभोवती ग्रीस लावून कीस धरून ठेवावा आणि शेजारी व्हॅक्यूमची नळी धरावी. डोक्यावर आडवी खाच कापतानाही हीच काळजी घ्यावी. खाली बॅटरी असेल तर ड्रिल चालवू नये.

पाचव्या प्रकारच्या, म्हणजे फिरणाऱ्या नटाच्या बाबतीत मात्र वरील क्रम लागू पडत नाही. तेथे झाकणाच्या फटीत प्लॅस्टिकची पट्टी घालून झाकण हळूच वर उचलून धरावे आणि त्याच वेळी स्क्रू फिरवावा. वरच्या ताणामुळे नट प्लॅस्टिकमध्ये रुतून थांबतो आणि आटे सुटू लागतात.

कोठे थांबावे

उपायांच्या या यादीत थांबणे हाही एक उपाय आहे. खाचेच्या कडा चमकू लागल्या किंवा पेचकस दोनदा उसळला तर तिसरा प्रयत्न त्याच हत्याराने करू नये. खाच पूर्ण निकामी होण्यापूर्वी थांबलेल्या यंत्रावर अनुभवी कारागीर अल्पावधीत काम करू शकतो. पूर्ण निकामी खाचेनंतर त्यालाही कापाकापीच करावी लागते. आपले काम नेमके कोणते, याचाही या टप्प्यावर पुन्हा विचार करावा. केवळ सामग्री हवी असेल आणि यंत्र सुरू होत असेल तर झाकण उघडण्याची गरजच नाही. उलट, यंत्र बंद पडले आहे आणि डिस्कमध्ये संशोधनाची एकमेव प्रत आहे, अशा स्थितीत झाकणाचा एक कोपरा तुटणे हे परवडणारे नुकसान ठरू शकते. डिस्कला बसणारा धक्का मात्र परवडणारा नाही. कोणते नुकसान सोसायचे, हे हत्यार उचलण्यापूर्वी ठरवणे हितावह असते.

पुनर्जोडणी

पुढील वेळी स्क्रू हट्टी होणार की नाही, हे बहुतांशी जोडणीच्या वेळीच ठरते. निकामी स्क्रू पुन्हा वापरू नये. नवा स्क्रू घेताना व्यास, आट्यांचे अंतर, लांबी आणि डोक्याची जाडी या चारही बाबी जुळवाव्यात. ३ मिलिमीटरच्या जागी ६ मिलिमीटरचा स्क्रू घातल्यास तो आतील बोर्डात किंवा बॅटरीत घुसू शकतो. स्क्रू बसवताना तो आधी उलट दिशेने हळूच फिरवावा. आटे एकमेकांवर येताच किंचित खाली बसल्याची जाणीव होते, तेथून सुलट फिरवल्यास आटे तिरके जात नाहीत. सर्व स्क्रू आधी सैल बसवून मग समोरासमोरचे आवळत जावे. स्क्रू टेकल्याचे जाणवल्यानंतर अगदी थोडीच फिरकी द्यावी.

दुरुस्तीचा हक्क आणि महाविद्यालये

यंत्र उघडता येणे हा आता केवळ कौशल्याचा विषय राहिलेला नाही. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट ठरवण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, यासंबंधीचे संकेतस्थळ सुरू झाले. २०२२ चे ई-कचरा व्यवस्थापन नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. युरोपीय संघानेही २०२४ साली वस्तूंच्या दुरुस्तीला प्रोत्साहन देणारा निर्देश संमत केला. धोरणांची ही दिशा स्वागतार्ह आहे. मात्र कागदावरील हक्क प्रत्यक्षात येण्यासाठी योग्य मापाचा पेचकस आणि तो धरणारा जाणता हात लागतो. महाविद्यालयाच्या संगणक विभागाने चांगल्या प्रतीच्या टोकांचा एक संच, भिंग आणि निरनिराळ्या मापांचे सुटे स्क्रू ठेवले तर निर्लेखनाच्या मार्गावरील काही यंत्रे निश्चितच परत येतील. बाद झालेल्या यंत्रांवर विद्यार्थ्यांना हा सराव देता येईल. घर्षण, बल-आघूर्ण, धातूंचे क्षरण आणि बहुवारिकांचे गुणधर्म या अभ्यासक्रमातील संकल्पना एका स्क्रूच्या निमित्ताने त्यांच्या हातांना उमगतील.

समारोप

लहान स्क्रूचा हट्टीपणा हा बहुतेक वेळा लेप, गंज, तिरके आटे किंवा सैल नट यांपैकी एखाद्या ओळखता येण्याजोग्या कारणाचा परिणाम असतो. ते कारण ओळखण्यास थोडी मिनिटे लागतात, तर ते न ओळखता लावलेला जोर खाच क्षणात नष्ट करतो. योग्य मापाचे हत्यार, वरून भरपूर दाब, सौम्य उपायाकडून कठोर उपायाकडे जाणारा क्रम, बॅटरी व सामग्री यांची आधी घेतलेली काळजी आणि वेळीच थांबण्याचा विवेक एवढी सामग्री हाती असेल, तर दहावा स्क्रू बहुधा निघतो. तो न निघाला तरी यंत्रातील वर्षानुवर्षांचे काम सुरक्षित राहते.